पहिली दहा मिनिटं

४ ऑक्टोबर, सोमवार
मी डायरी लिहिणारी बाई नव्हे. मी खेळाची शिक्षिका. माझ्या वहीत वेळा असतात, उंच उडीचे आकडे असतात आणि कोणाचा गुडघा फुटला त्याची नोंद असते. पण आज डोक्यात इतका गोंधळ आहे की कुठेतरी उतरवायलाच हवा.

आमच्या चार बाय चारशे रिलेची तिसरी मुलगी बसमधून उतरताना घसरली आणि तिने घोटा मोडून घेतला. स्पर्धा तीस तारखेला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "या वर्षीही टीम उतरली नाही, तर अर्ध्या मैदानावर इमारत उठणार. मग मला अडवता यायचं नाही." वर हसल्यासुद्धा.

त्या वयोगटात पळू शकेल अशी एकही मुलगी नाही. म्हणजे एक आहे. आमची मुंगी.

मुंगी माझ्या भावाची मुलगी. वय पंधरा, नववीत, आमच्याच शाळेत. दादा-वहिनी आणि ती वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. जिना चढताना ही पोर मध्ये दोनदा थांबते. असं असताना मी हिचं नाव का घेतेय? गेल्या महिन्यात शाळेची सहल टेकडीवर गेली होती. तिसऱ्या वळणावर मुंगी पांढरीफटक होऊन खाली बसली. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. आम्ही झालो. आणि माथ्याला पोचण्याआधीच ती मागून आली, माझ्या शेजारून निघून गेली आणि सगळ्यांच्या आधी वर जाऊन बसली. धाप नाही, घाम नाही.

म्हणजे इंजिन उत्तम आहे, फक्त स्टार्टर खराब. तो मी दुरुस्त करीन. सव्वीस वर्षं तेच करतेय.

६ ऑक्टोबर, बुधवार
पहिला सराव. मुंगीची वेळ एक मिनिट बावन्न सेकंद. बाकीच्या तिघींपेक्षा अर्ध्या मिनिटाने जास्त. संपल्यावर दोन्ही पोटऱ्या धरून मातीत बसली.

"आत्या, पाय दगड होतात गं."

"सगळ्यांचेच होतात."

"तसे नाही. उघडतच नाहीत."

पाय म्हणजे काय छत्री आहे उघडायला? मी हसले, टीमची कॅप्टन हसली, मुंगीही थोडीशी हसली. ती भांडत नाही, हीच तिची खोड आहे. भांडली असती तर पळालीही असती.

७ ऑक्टोबर, गुरुवार
दादा चहा प्यायला खाली आला होता. म्हणाला, "जरा बेताने घे. ती लहानपणापासून अशीच आहे. फिरायला निघालो की आधी दहा मिनिटं कडेवर, मग खाली सोडा, घरापर्यंत पळत."

मी म्हटलं, "दादा, कडेवर घेतलंस तिथेच चुकलं."

तो कप विसळून निघून गेला. त्याला लागलं असावं. पण खरं ते खरंच.

९ ऑक्टोबर, शनिवार
आज आठ वेळा शंभर मीटर. पाचव्या खेपेला मुंगी थांबली. मी थांबू दिलं नाही. पूर्ण केलं तिने! डोळ्यांत पाणी होतं, पण पूर्ण केलं. मुलांना आपण किती कमी समजतो.

घरी आल्यावर माझ्याकडेच आंघोळीला गेली. नंतर बघते तर संडासात कोणीतरी कोरी कॉफी ओतलेली, भांड्याला काळसर तांबडा डाग. मी ओरडले, "कॉफी ओतायला मोरी नाही का?" ती दारात उभी. काहीतरी बोलणार होती, मग "सॉरी" म्हणाली आणि जिना चढून गेली. कठडा धरून, एकेक पायरी.

या वयात एवढी कॉफी? उद्यापासून कॉफी बंद. साखरही बंद. गोड खाल्लं की अंग जड होतं.

१३ ऑक्टोबर, बुधवार
शिक्षकांच्या खोलीत जीवशास्त्राच्या सरांनी मला अडवलं. सर निवृत्तीला आलेत, बोलायला लागले की खडू संपेपर्यंत थांबत नाहीत. नववीला पेशींचं श्वसन शिकवताहेत. पेशीत ग्लुकोज फुटतं, त्याचे तुकडे तंतुकणिकेत जातात, तिथे ऑक्सिजनच्या मदतीने हळूहळू जळतात, आणि त्यातून निघालेल्या ऊर्जेवर आपण चालतो, बोलतो, पापणी हलवतो. हे सगळं मला कशाला, असं मी विचारणारच होते.

"तुमच्या भाचीने आज एक प्रश्न विचारला," सर म्हणाले. "म्हणे, सर, एखाद्या माणसाच्या पेशी उशिरा जाग्या होतात का? पहिली दहा मिनिटं काहीच मिळत नाही आणि मग अचानक मिळायला लागतं, असं होतं का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"माझ्याकडे उत्तर नाही. असं सगळ्यांनाच थोडंफार होतं. पण तिच्या विचारण्यात गंमत नव्हती. बाई, तिला एकदा डॉक्टरांना दाखवा."

तीस तारखेनंतर दाखवू. सर कधी पळाले नाहीत. पळणाऱ्याचं अंग पळणाऱ्यालाच कळतं.

१८ ऑक्टोबर, सोमवार
आज राग अनावर झाला.

मुंगीची वेळ एक अडतीस! एकदम चौदा सेकंदांनी सुधारली. मी तिला उचलूनच घेणार होते. तेवढ्यात लांबडीने (आमची चौथी धावपटू, हिचं तोंड पायांपेक्षा वेगाने पळतं) सांगून टाकलं, "बाई, ती सरावाच्या आधी रोज गोळ्या खाते."

दप्तर उघडलं. लिमलेटच्या गोळ्यांचे अकरा कागद आणि एका पुडीत नुसती साखर. साखर! चोरून, स्वच्छतागृहात जाऊन खायची.

"खाल्लं की बरं वाटतं," ती म्हणाली. "खरंच आत्या, थोडा वेळ पाय चालतात."

"इथे मी बाई आहे, आत्या नाही. आणि तू खोटारडी आहेस."

सगळ्यांसमोर म्हणाले. दोन फेऱ्या जास्त पळायला लावल्या. दुसरी तिने जवळजवळ चालतच पुरी केली.

तिला मी खोटारडी म्हणायला नको होतं का? माहीत नाही. शिस्त सगळ्यांना सारखी, भाचीला तर जास्तच. वेळ मात्र एक अडतीस. म्हणजे मनावर घेतलं की जमतं.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
आता सराव सकाळी, रिकाम्या पोटी. दप्तर मी स्वतः तपासते. वेळ एक अठ्ठावन्न. माझ्यावर सूड उगवतेय का?

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. वहिनी टपाल कचेरीत असतात, दिवसभर लोकांशी बोलून घरी आल्या की गप्प असतात. आज मात्र उभ्याउभ्याच बोलल्या. "ताई, तिला काल बरणीचं झाकण उघडता येईना. बोटं वळली ती वळलीच. दहा मिनिटं मी चोळत होते. हे पळण्याने होतं का?"

"सवय नाही म्हणून होतं. आठवडाभर कळ काढा."

"आठवडाभरच ना?"

"शब्द देते."

मुंगीच्या पोटऱ्यांना मी स्वतः मलम चोळलं. हाताला लाकूड लागावं तशा लागत होत्या. मनात आलं, उद्या सुट्टी द्यावी. मग मैदान आठवलं.

२४ ऑक्टोबर, रविवार
कालचं लिहिते.

काल सकाळी अंतिम चाचणी होती. चौघींनी खरी शर्यत पळतात तसं पळायचं, दोनदा. पहिल्यांदा मुंगी पळाली, दोन मिनिटं लागली. दुसऱ्या वेळेस बॅटन घेतलं आणि दीडशे मीटरवर खाली पडली. ठेच लागून नाही, जागच्या जागी, उभी शिडी पडावी तशी.

मी धावत गेले. आणि काय म्हणाले? "ऊठ."

"पाय बंद झालेत, आत्या."

"ऊठ म्हणते ना."

काखेत हात घालून मी तिला उभं केलं. मांड्या दगडासारख्या, गुडघे वाकेनात. तिने किंकाळी फोडली. असली किंकाळी मी मैदानावर कधी ऐकली नव्हती. कॅप्टन रडायला लागली. मग मी भानावर आले.

घरी आणलं, शेक दिला. दुपारी तिला लघवीला नेलं ते वहिनींनी. आतून हाक आली, "ताई, इकडे या." भांड्यात कोऱ्या कॉफीच्या रंगाचं पाणी होतं. जेमतेम कपभर.

मी त्या रंगाकडे बघत राहिले. हा रंग मी आधी पाहिला होता.

वहिनींना काहीच सांगितलं नाही.

आता ती अतिदक्षता विभागात आहे. कालपासून पुन्हा लघवी झालेली नाही. किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की स्नायू फुटून त्यांतलं प्रथिन रक्तात आलंय आणि त्याने किडन्या तुंबल्यात. स्नायूंच्या इजेचा एक आकडा असतो. तो दोनशेच्या आत हवा. मुंगीचा एक लाख चाळीस हजार आहे. रक्तातलं पोटॅशियम वाढतंय, ते आणखी वाढलं तर हृदय थांबू शकतं. आजच डायलिसिस.

दादाने सहीसाठी पेन मागितलं. माझ्या खिशात नेहमी असतं. मी दिलं.

२५ ऑक्टोबर, सोमवार
डॉक्टरीणबाई आज दुपारी पुन्हा आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं तुटक.

"नुसतं पळून एवढं होत नाही. मूळ काहीतरी आहे. मला तारखा हव्यात. कधी काय दुखलं, काय खाल्लं होतं, किती वेळ पळाली, लघवीचा रंग यापूर्वी कधी बदलला होता का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "कधीच नाही."

दादानेही मान हलवली. मुंगी गुंगीत होती. विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. सगळ्या तारखा या वहीत आहेत. कॉफी आहे, अकरा कागद आहेत. "सूड उगवतेय का" हेही आहे. वाटलं, वेगळ्या कागदावर फक्त आकडे उतरवून द्यावेत. पेन काढलं, दोन ओळी लिहिल्याही. "९ तारीख, लघवी गडद." मग वाचून पाहिलं, तर ते असं दिसत होतं की कुणा तिऱ्हाइताने पाहिलं आणि कुणा तिऱ्हाइताने सोडून दिलं. आणि डॉक्टरीणबाईंनी आणखी काही विचारलं तर? नेमकं कुठलं वाक्य त्यांना उपयोगी पडेल, हे मला काय माहीत? मला काय काय कळत नाही, ते तर आता दिसतंच आहे.

आत गेले आणि वहीच पुढे केली.

त्या म्हणाल्या, "अक्षर लागत नाही. तुम्हीच वाचा."

वाचलं. दादा-वहिनींसमोर, चार तारखेपासून. स्टार्टर वाचला, कडेवर घेतलंस तिथेच चुकलं हे वाचलं. कॉफीपाशी वहिनींनी माझ्याकडे बघितलं, ते मी वर न बघताही मला कळलं. साखरेच्या पुडीपाशी डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"थांबा. गोळ्या खाल्ल्या त्या दिवशी वेळ सुधारली?"

"चौदा सेकंदांनी."

"आणि रिकाम्या पोटी बिघडली. टेकडीवर आधी बसली, मग सगळ्यांच्या पुढे गेली." त्या खुर्ची ओढून बसल्या. इतका वेळ उभ्याच होत्या. "मला वाटतं, सापडलं. तपासणीने नक्की करू, पण वाटतं."

त्यांनी समजावलं ते असं. प्रत्येक स्नायूत साखर साठवलेली असते, एकमेकींत गुंफलेल्या लांब साखळ्यांच्या रूपात. पळायला लागलं की स्नायू त्यातले मणी सुटे करतो आणि वापरतो. ते सुटे करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, काही माणसांत जन्मापासून नसतं. कोठार भरलेलं, पण दार उघडत नाही. स्नायू उपाशी राहतो, आखडतो, आणि तरीही पळवला तर फुटतो. मात्र हळूहळू चालत राहिलं तर आठ-दहा मिनिटांत रक्तातून यकृताची साखर आणि चरबी पोचायला लागते. तंतुकणिका ठणठणीत असतात, त्यांना जळण मिळालं की काम सुरू.

"म्हणून मग ती सगळ्यांच्या पुढे जाते," दादा म्हणाला.

"हो. आणि साखर खाल्ली की ती रक्तात आधीच तयार असते. तुमच्या मुलीने आपला उपाय आपणच शोधला होता."

वहिनी म्हणाल्या, अगदी हळू, "आणि तो काढून घेतला."

२८ ऑक्टोबर, गुरुवार
तिसरं डायलिसिस. पोटॅशियम उतरलं, लघवी अजून नाही. पिशवी बिछान्याला टांगलेली आहे, जाता-येता आम्ही तिघंही आधी तिच्याकडे बघतो.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मी डबा आणते, त्या घेतात, रिकामा करून ठेवतात. आज विचारलं, "भात जास्त झाला का?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. दादा म्हणाला, "तू थोडे दिवस घरीच थांब." मी हो म्हटलं आणि हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या बाकावर बसून राहिले. घरी जाववलं नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार
आज शर्यत होती. आम्ही उतरलो नाही. तिन्ही मुली दुपारी हॉस्पिटलच्या दाराशी आल्या. लांबडी म्हणाली, "बाई, मी चहाडी केली नसती तर..."

मी तिला तिथेच थांबवलं. तिघींना फाटकाजवळच्या ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की मुंगी खोटं बोलत नव्हती, एकदाही नाही. तिचे पाय खरोखर बंद होत होते. गोळ्या तिच्यासाठी औषध होत्या. चूक माझी होती, आणि हे मी सोमवारी सगळ्या वर्गासमोर सांगणार आहे, मुख्याध्यापिकाबाईंनाही.

कॅप्टनने विचारलं, "तुमची नोकरी जाईल?"

"जाईल किंवा राहील."

"मग मैदान?"

मैदानाचा विचार सात दिवसांत माझ्या मनात आला नव्हता.

३ नोव्हेंबर, बुधवार
पिशवीत लघवी आली! चाळीस मिली. नर्सने मापात ओतून दाखवली. दादा कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडला. एवढ्याशा पिवळ्या पाण्यासाठी माणसं रडतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

८ नोव्हेंबर, सोमवार
मुंगी बरी होतेय. आज मला आत सोडलं. तिचे हात काडीसारखे झालेत, आणि डोळे तेवढेच मोठे.

"मला तुझी माफी मागायचीय," मी म्हटलं.

"आई म्हणाली, तू वही वाचून दाखवलीस. सगळी?"

"सगळी."

"खोटारडी पण?"

"ते पण."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "मला वाटायला लागलं होतं की मी खरंच खोटं बोलते," म्हणाली. "दुखायला लागलं की वाटायचं, हे मीच करतेय." मग कुशीवर वळली. "आता जा आत्या. नंतर ये."

गेले.

२२ नोव्हेंबर, सोमवार
जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला. तेच निघालं. आई-बाप दोघांकडून थोडं थोडं आलेलं, कुणाला कधी कळलं नाही. आजार बरा होणारा नाही, पण सांभाळता येणारा आहे. धावणं, वजन उचलणं बंद. चालण्याआधी थोडी साखर घ्यायची, आणि चालायचं मात्र रोज, हळू सुरुवात करून. किडन्या आता पूर्ण काम करताहेत.

शाळेने मला पुढच्या सत्रापर्यंत घरी बसवलंय. चौकशी होईल. मी लेखी दिलंय ते जसं घडलं तसंच. जीवशास्त्राचे सर भेटायला आले. "मी आणखी जोर लावायला हवा होता," म्हणाले. मी म्हटलं, "सर, मी ऐकलं नसतं." त्यांनी नाही म्हटलं नाही.

५ डिसेंबर, रविवार
सकाळी दार वाजलं. वहिनी. सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या दारात.

"आज मला कामावर बोलावलंय, ह्यांच्या पाठीत उसण भरलीय," त्या म्हणाल्या. "तिला चालायला न्यायचंय."

मी चपला शोधायला लागले.

"ऐका आधी. ती थांब म्हणाली की थांबायचं. का, म्हणून विचारायचं नाही. चल म्हणेपर्यंत हलायचं नाही. पुढे चालायचं नाही."

"नाही चालणार."

"ताई, मला तुमचा राग गेलेला नाही."

"जाऊ नये."

त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ये गं खाली. आत्या तयार आहे."

मुंगी कठडा धरून उतरली. फाटकाबाहेर पडलो. ती पुढे, मी दोन पावलं मागे. गल्लीत सुट्टीच्या दिवसाची शांतता होती, कोणीतरी गाडी धूत होतं. विजेचे तीन खांब मागे पडले. तिची चाल बारीक झाली, मग डावा हात मांडीवर गेला.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले. जिभेच्या टोकाशी आलं होतं, अजून थोडंच राहिलंय, कोपऱ्यापर्यंत चल. सव्वीस वर्षांची सवय. दात आवळून धरले. ती भिंतीला टेकली, डोळे मिटून. मीही टेकले. गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला, बादली आत नेली. किती वेळ गेला ते मी मोजलं नाही.

मग तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मी खरंच थांबलेय का ते पाहावं तसं.

"चल," म्हणाली.